पाटी नाही म्हणजे रस्ता खुला, असं नाही
अमेरिकेतल्या राष्ट्रीय वनांत जीप घालणार असाल, तर गूगल मॅपवर विसंबू नका. तिथल्या वन सेवेचा ‘मोटर व्हेईकल यूज मॅप’ फुकट मिळतो. तो घरूनच फोनमध्ये उतरवून घ्या, आत रेंजचा भरवसा नाही. २००५च्या नियमानुसार जो रस्ता या नकाशावर नाही तो गाड्यांना बंद, मग समोर चाकोऱ्या कितीही ताज्या दिसोत. कोणत्या गाडीला, कोणत्या तारखांना परवानगी, हे सोबतच्या तक्त्यात असतं. नेमकं तेच कुणी वाचत नाही! नकाशा मात्र रुक्ष, काळा-पांढरा. चढउतार त्यात कळत नाहीत, म्हणून उंचीच्या रेषांचा दुसरा नकाशा जोडीला हवाच. वणव्यामुळे ऐनवेळी झालेली बंदी रेंजर कचेरीत फोन करून विचारावी.