नोटीस स्पष्ट लिहिली, तरी लोक भलतंच का वाचतात? या चुका टाळा

‘सर्व सभासदांनी मेंटेनन्स भरलेला नाही.’ मुंबईतल्या कुठल्याही सोसायटीच्या फलकावर खपून जाईल असं वाक्य. पण याचा अर्थ काय? एकानेही भरलेला नाही, की काहींचा राहिलाय? ज्याने वेळेवर भरलाय तो पहिला अर्थ घेऊन तावातावाने कमिटीकडे येतो. ज्याचा सहा महिन्यांचा थकलाय तो म्हणतो, चला, सगळ्यांचाच राहिलाय, आपल्यालाच काय घाई! व्याकरणाला दोन्ही अर्थ मान्य आहेत. ‘काही सभासदांचा मेंटेनन्स यायचा आहे’ किंवा ‘एकाही सभासदाचा आलेला नाही’, यातलं जे खरं असेल ते लिहिलं असतं तर भांडण झालंच नसतं.

चूक पहिली : ‘लोक नीट वाचत नाहीत’ म्हणून मोकळं होणं

लोक नीटच वाचतात, फक्त वाक्य संपेपर्यंत थांबत नाहीत. शब्द येईल तसा मन तो जागेवर बसवत जातं आणि अर्थ लावूनही टाकतं. पुढचा शब्द त्या अर्थात बसला नाही की मग अडखळतं. भाषा आणि वाचनाचे अभ्यासक लिन फ्रेझियर आणि कीथ रेनर यांनी १९८२ मध्ये वाचणाऱ्यांच्या डोळ्यांच्या हालचाली नोंदवून हे दाखवलं. अंदाज फसतो तिथे नजर रेंगाळते, कधी मागे वळते.

मराठीत हे पाहायचं तर हे वाक्य घ्या, हळूहळू वाचा : ‘वॉचमनने पाकीट दिलेल्या मुलाला ओळखलं.’

‘वॉचमनने पाकीट दि...’ इथवर सरळ आहे, वॉचमन पाकीट देतोय. ‘दिलेल्या’ पूर्ण झालं की कळतं, वाक्य इथे संपत नाही, हे पुढच्या कुणाचं तरी वर्णन आहे. मग ‘मुलाला’ येतं. म्हणजे वॉचमनने ज्याला पाकीट दिलं तो मुलगा. ठीक. आणि शेवटी ‘ओळखलं’. कुणी ओळखलं? वॉचमनला ‘दिलेल्या’पासून सोडवून ‘ओळखलं’शी जोडला, तर पाकीट देणारा मुलगा ठरतो आणि वॉचमन ओळखणारा. जोडला नाही, तर पाकीट देणारा वॉचमनच राहतो आणि ओळखणारा वाक्याबाहेरचा कुणीतरी. आपल्याकडे क्रियापद शेवटी येतं, कर्ता गाळला तरी चालतो, त्यामुळे दोन्ही वाचनं तितकीच शुद्ध. पार्किंगमधल्या चोरीच्या तक्रारीत हे वाक्य गेलं तर संशय कुणावर जाईल, विचार करा.

इंग्रजीतलं असंच गाजलेलं वाक्य भाषेचे अभ्यासक थॉमस बीव्हर यांनी १९७० मध्ये दिलं : ‘The horse raced past the barn fell.’ कोठारापुढून पळवत नेलेला घोडा पडला, एवढंच त्यात म्हटलंय. पण ‘घोडा पळाला’ असं समजून वाचणारा बिनघोर पुढे जातो आणि शेवटच्या ‘पडला’ या शब्दावर आपटतो.

आपल्या वाक्याला उपाय घरचाच आहे, जो-तो. ‘ज्या मुलाने पाकीट दिलं, त्याला वॉचमनने ओळखलं.’ दोन शब्द वाढले, वाढू द्या.

चूक दुसरी : स्वल्पविरामाच्या भरवशावर राहणं

हिंदीतलं ‘रोको मत जाने दो’ सगळ्यांना माहीत आहे : स्वल्पविराम ‘रोको’नंतर दिला तर अडवा, ‘मत’नंतर दिला तर जाऊ द्या. पण सूचना इंटरकॉमवरून सांगितली जाते, व्हॉट्सॲपवर घाईत टाईप होते. तिथे तुमचा स्वल्पविराम पोहोचतच नाही. दोन वाक्यं करा.

चूक तिसरी : संदर्भ सांभाळून घेईल, ही आशा

सांभाळतो, हे खरं. ‘सैंधव आण’ हे आपल्या जुन्या शास्त्रकारांचं आवडतं उदाहरण. सैंधव म्हणजे मीठही आणि सिंधू देशचा घोडाही. जेवायला बसलेल्याने मागितलं तर मीठ, प्रवासाला निघालेल्याने मागितलं तर घोडा. व्याकरणकार भर्तृहरीने ‘वाक्यपदीय’ या ग्रंथात अनेकार्थी शब्दाचा अर्थ कशाकशाने ठरतो याची यादीच दिली आहे. प्रकरण, म्हणजे प्रसंग, त्यात आहेच.

गंमत पुढे आहे. मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्ये प्रयोगातून दाखवलं, की असा शब्द कानावर पडला की क्षणभर त्याचे दोन्ही अर्थ मनात जागे होतात. संदर्भ एकाच अर्थाकडे बोट दाखवत असला तरीही. लगेचच नको तो अर्थ मावळतो, आणि तो जागा झाला होता याचा आपल्याला पत्ताही नसतो. म्हणून स्वतःचंच वाक्य पुन्हा पुन्हा वाचून फारसं काही हाती लागत नाही. प्रसंग तुमच्या डोक्यात आधीच पक्का असतो. वाचणाऱ्याच्या डोक्यात तो नसला तर त्याने काय करायचं?

दादरचंच बघा. ‘एक नंबरवर भेट’ म्हटलं की पश्चिम रेल्वेचा फलाट की मध्य रेल्वेचा, हा घोळ पूर्वी ठरलेला असायचा. डिसेंबर २०२३ मध्ये रेल्वेने मध्य रेल्वेच्या फलाटांना ८ पासून १४ पर्यंत क्रमांक दिले. ‘प्रवाशांनी नीट ऐकावे’ अशी पाटी लावण्यापेक्षा हे कितीतरी शहाणपणाचं.

चूक चौथी : ‘आपण’ आणि दोन ‘ना’

‘गळतीचा खर्च आपण करायचा आहे.’ आदराने ‘तुम्ही’ की सगळे मिळून? खालच्या मजल्यावरचे आणि वरच्या मजल्यावरचे हे वाक्य आपापल्या सोयीने वाचणार, यात शंका नको. फ्लॅट नंबर घाला किंवा ‘सोसायटी’ लिहा.

‘वहिनींना काकूंना चावी द्यायची आहे’ यातही तोच पेच. मन पहिल्या नावाला देणारी ठरवतं, पण सक्ती काही नाही. ‘वहिनींनी काकूंना’ म्हटलं की प्रश्न मिटला.

चूक पाचवी : खुलासा टाकला की झालं

‘शनिवारी आणि रविवारी सकाळी पाणी येणार नाही.’ ‘सकाळी’ फक्त रविवारला की दोन्ही दिवसांना? काही जण शनिवारी दिवसभर पाणी नाही असं समजून बादल्या भरून ठेवतात. मग संध्याकाळी ग्रुपवर खुलासा येतो, तरी रविवारी तेच प्रश्न. यामागेही कारण असावं. भाषेचे अभ्यासक कील क्रिश्चनसन, फर्नांडा फरेरा आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या प्रयोगांत एक वाक्य असं होतं, की ॲना बाळाला कपडे घालतेय असं आधी वाटतं. प्रत्यक्षात ती स्वतः तयार होत असते आणि बाळ वेगळंच काही करत असतं. वाक्य पूर्ण वाचल्यावरही अनेकांनी ‘बाळाला कपडे घातले’ हेच उत्तर दिलं. दुसरा अर्थ कळला, पण पहिला पुसला गेला नाही. माझं मत असं, की खुलाशात नुसतं बरोबर काय ते सांगू नये, चुकीचा अर्थ नाव घेऊन खोडावा : ‘शनिवारी दुपारी पाणी येईल. दिवसभर बंद नाही.’

याचा अर्थ सोसायटीची नोटीस सरकारी जीआरसारखी लिहा असा नव्हे. तशी कुणी वाचणारच नाही.

लावण्याआधी दुसऱ्या विंगमधल्या कुणाला तरी वाचायला द्या. ‘समजलं का?’ विचारू नका, सगळे हो म्हणतात. ‘शनिवारी दुपारी तुमच्या नळाला पाणी असेल का?’ असं विचारा. दोघांनी दोन उत्तरं दिली तर वाक्य बदला. आणि फलकावर ‘परवा’ नको. कागद किती दिवस चिकटून राहील कोण जाणे, तारीख घाला.