साक्षरता वर्गाच्या शिक्षकाला मोबाईल वापरता करायचा, तर मागे जाऊन बसा

खानदेशात प्रौढांचे वर्ग रात्रीच भरतात. दिवसभर कापूस वेचून, घरी येऊन भाकरी टाकून बाया आठ-साडेआठला मंदिराच्या ओट्यावर नाहीतर मराठी शाळेच्या व्हरांड्यात येतात. शिकवणारी बहुतेकदा गावातलीच बारावी झालेली सून असते, नाहीतर कॉलेजात जाणारा मुलगा. २०२२ पासून सुरू झालेल्या ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता कार्यक्रमात या स्वयंसेवकांना मानधन नाही. स्वतःची संध्याकाळ देऊन शिकवणाऱ्या माणसाला आपण मोबाईल, स्पीकर, व्हिडिओ वापरायला सांगणार असू, तर त्याचं काम त्यातून हलकं व्हायला हवं. मी अमळनेर-पारोळा भागात बरीच वर्षं शिकवणाऱ्यांसोबत हेच काम करते आहे. केंद्रप्रमुख, मुख्याध्यापक, बचतगटांचं काम बघणाऱ्या गावातल्या कार्यकर्त्या (सीआरपी), गावातला मोबाईल जाणणारा मुलगा, ज्यांच्यावर ही जबाबदारी येते त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

सगळ्यात आधी तालुक्याच्या गावची एकदिवसीय कार्यशाळा डोक्यातून काढून टाका. सभागृहात पडद्यावर दाखवलेलं गावच्या ओट्यापर्यंत पोचत नाही. प्रोजेक्टरही नको. उघड्या व्हरांड्यात दिव्याच्या उजेडापुढे चित्र फिकं पडतं आणि लाईट गेली की सगळं ठप्प. दहा-बारा जणींच्या वर्गाला तीन मोबाईल आणि एक चार्जिंगचा स्पीकर पुरतो.

तयारी एका ओळीची आहे: जे दाखवायचं ते रेंज असताना आधीच उतरवून घ्या, स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवा, आवाज तपासा.

महिनाभर एकच गोष्ट घ्या. मी सुरुवात नेहमी हस्ताक्षराच्या कळफलकापासून करते. गुगलच्या कळफलकात मराठी भाषा जोडताना हस्ताक्षराचा पर्याय निवडता येतो. मग बोटाने क काढला की वर छापील क उमटतो. पाटीवर बाईने घ काढताना शिरोरेघ अर्धी ठेवली तर ताईला, म्हणजे शिकवणारीला, म्हणावं लागतं, ‘अहो काकू, हा ध झाला.’ मोबाईल काहीच बोलत नाही, फक्त ध दाखवतो. काकू स्वतःच पुसते आणि रेघ पूर्ण ओढते. चारचौघींत चूक काढली गेली नाही, याचं त्या वयाच्या बाईला किती बरं वाटतं ते मी जवळून पाहिलं आहे. पण तासातली वीसच मिनिटं मोबाईलला द्या. ‘उल्लास’ची परीक्षा कागदावर असते. वाचन, लेखन, संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० असे १५० गुण, आणि पेन धरायची सवय पेन धरूनच होते.

व्हिडिओ वापरायचेच असतील तर आवाज बंद करून वापरा आणि ताईला तिच्या बोलीत सांगू द्या. अहिराणी बोलणाऱ्या आजीला पुस्तकी मराठीतला भरभर बोलणारा आवाज परका वाटतो. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुव्याकडे पावरी आणि भिली बोलणाऱ्यांना तर तो आणखीच दूरचा. २०११ च्या जनगणनेत नंदुरबार जिल्ह्याची साक्षरता ६४ टक्क्यांच्या आसपास होती, राज्यात सर्वांत कमी. तिथे आपण नुसती चित्रं न्यावीत, शब्द त्यांचेच असावेत.

आता अवघड जागा. ताई वर्गापुढे पहिल्यांदा मोबाईल घेऊन उभी राहते तो तास. मी इथेच चुकले होते.

पारोळ्याकडच्या एका गावात स्पीकर जोडला जात नव्हता. बारा जणी बघत होत्या, ताईच्या कपाळावर घाम आला होता. मी उठले, तिच्या हातातून मोबाईल घेतला, दोन ठिकाणी बोट लावलं आणि आवाज सुरू झाला. मागून एक आजी म्हणाली, ‘बाई हुशार शे.’ मला बरं वाटलं. पुढच्या भेटीत ताईचा मोबाईल पिशवीतच राहिला; बॅटरी उतरली म्हणाली. त्याच्या पुढच्या वेळी घरीच विसरला होता. तिसऱ्या भेटीत माझ्या डोक्यात उजेड पडला: ज्या बायांपुढे तिला वर्षभर उभं राहायचं होतं, त्यांच्यादेखत मी तिला अडाणी ठरवलं होतं. शिकणाऱ्याची लाज सगळ्यांना दिसते, शिकवणाऱ्याची कुणी विचारात घेत नाही. त्या ताईने पुढे मोबाईल वापरला, पण त्याला पाच महिने लागले, आणि ते पाच महिने माझ्यामुळे गेले.

म्हणून आता मी असं करते. वर्गाच्या आदल्या दिवशी ताईच्या घरी जाऊन मुद्दाम बिघाड करून ठेवते. आवाज शून्यावर नेते, विमानाचं चिन्ह दाबून ठेवते, स्पीकर दुसऱ्याच मोबाईलला जोडते. काय बिघडलं ते तिने शोधायचं. एकदा तिने स्वतः शोधलं की त्याची भीती जाते. नुसतं सगळं नीट चालताना दाखवण्यात काही अर्थ नाही, नीट चालताना कुणालाच मदत लागत नाही.

मग एक ठराव करायचा: वर्गात अडलं तर दोन मिनिटं प्रयत्न, नाही जमलं तर मोबाईल पालथा ठेवायचा आणि खडू घ्यायचा. हे तिला आधीच, स्पष्ट शब्दांत सांगा. मोबाईल पालथा ठेवणं हा तासाचाच भाग आहे हे माहीत असलं की ती घाबरून स्क्रीनभर बोटं आपटत नाही.

वर्गात तुम्ही खुर्चीवर बसू नका. मागे सतरंजीवर, बायांच्या ओळीत बसा आणि पाटी दोन्ही हातांत धरा. खरंच धरा, कारण हात मोकळे असले की ते मोबाईलकडे जातातच. बाया वळून तुम्हाला विचारतील. ‘ताईंना विचारा’ एवढंच म्हणा. ताईने स्वतःहून विचारलं तर बोट न दाखवता तोंडाने विचारा, ‘वरच्या कोपऱ्यात काय दिसतंय?’ आणि ‘सोपं आहे हो’ हे वाक्य कधीच नको. ज्याला जमत नाहीये त्याला ते सोपं आहे असं सांगणं म्हणजे त्याचा कमीपणा दाखवणं. दोन मिनिटं शांतता फार लांब वाटते. वाटू द्या.

याच तासात बाहेरून येणाऱ्यांना कळत नाही अशी एक अडचण येते. कापूस वेचणाऱ्या, निंदणी करणाऱ्या बायांची बोटं कोरडी आणि घट्टे पडलेली असतात. त्यांच्या स्पर्शाला स्क्रीन कधीकधी दादच देत नाही. मग बाई जोराने दाबते, तसंच दाबून धरते आणि भलतीच यादी उघडते. बाई म्हणते, ‘हाई माले जमस नही,’ आणि ताईलाही तसंच वाटायला लागतं. बाईत काही कमी नाही आणि मोबाईलही बिघडलेला नाही. ओलं फडकं शेजारी ठेवा, बोट टेकवून, पुसून मग लावायला सांगा. नखाने नाही, बोटाच्या पोटाने, पाखरू दाणा टिपतं तसं पटकन. जाड काच चिकटवलेली असेल तर तो मोबाईल वर्गात वापरू नका. काही मोबाईलच्या सेटिंगमध्ये स्पर्शाची जाण वाढवता येते, ती वाढवून ठेवा.

दुसऱ्या महिन्यात बँकेचे मेसेज वाचायला घ्या, कारण बायांना तेच हवं असतं. लाडक्या बहिणीचे दीड हजार आले का, हे पोराला विचारावं लागू नये, ही त्यांची स्वतःची मागणी आहे. इथे ताईला दोन गोष्टी आधी सांगून ठेवा. मेसेजात आकडे इंग्रजी असतात आणि वर्गात शिकवलेले असतात मराठी. दोन्ही शेजारी लिहिलेला तक्ता भिंतीवर हवा. दुसरं म्हणजे शेवटचं टिंब आणि दोन शून्यं. १,५००.०० हा आकडा एका मावशींनी एक लाख पन्नास हजार वाचला होता आणि घरी जाऊन सांगितलाही होता. टिंबाच्या पुढचं हाताने झाकायला शिकवा.

मेसेज खरे वापरू नका, कागदावर तसेच लिहून घ्या. कुणाचाही ओटीपी किंवा पिन वर्गात उघडायचा नाही, ताईने तर नाहीच नाही. पुढे कुणाचे पैसे गेले तर पहिलं नाव तिचं येईल. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, हे मात्र दर तासाला म्हणून घ्या. फसवणूक झाल्यास लावायचा १९३० हा नंबर सगळ्यांना पाठ हवा. पाटीवर लिहून घेण्यासाठीही तो चांगला आकडा आहे.

भेटी तीन पुरतात. मधल्या दिवसांत ताईला लांबलचक सूचना लिहून पाठवू नका, व्हॉट्सॲपवर मिनिटभराचा आवाज पाठवा आणि तिचाही आवाजच मागवा. भाकरी करता करता ती ऐकते आणि बोलते. तिसऱ्या भेटीनंतर तुम्ही जाऊ नका. शेजारच्या गावची नवी ताई तिच्या वर्गात मागे बसायला पाठवा, तिलाही पाटी धरायला सांगा आणि जाण्यायेण्याचं एसटीचं भाडं तिच्या हातात आधीच द्या.