फॅलेनॉप्सिसला दांडा येत नाही? रात्री गॅलरीत ठेवा
पानं तजेलदार, पण मोठ्या फुलांच्या फॅलेनॉप्सिस ऑर्किडला फुलांचा दांडाच येत नाही? बहुतेकदा रात्रीचा गारवा कमी पडलेला असतो.

नाशिकमध्ये पाऊस सरून रात्रीचं तापमान १५-१८ अंशांवर आलं की कुंडी पूर्वेच्या गॅलरीत ठेवा, ३-४ आठवडे. सकाळचं कोवळं ऊन चालतं, दुपारच्या उन्हानं पान भाजतं. युरिया-बिरिया बंद. द्राक्षवाले वापरतात ते ०:५२:३४ (नत्र नसलेलं, स्फुरद-पालाशचं विद्राव्य खत) लिटरभर पाण्याला अर्धा ग्रॅम, पंधरवड्यातून एकदा, तेही मुळं आधी साध्या पाण्यानं भिजवून.

पानाच्या बेचक्यातून चपट्या टोकाचा कोंब आला तर तो दांडा. गोल, गुळगुळीत टोक म्हणजे मूळ. दांडा दिसल्यावर कुंडी फिरवू नका, कळ्या वेड्यावाकड्या वळतात.

पारा १३च्या खाली जायला लागला की कुंडी घरात घ्या. पाणी सकाळीच घाला: मधल्या पानांच्या खळग्यात ते रात्रभर साचलं तर शेंडा कुजतो.