रिकाम्या रिव्हॉल्व्हरवर चापाचा सराव

परवाना झाला, कानपूरच्या कारखान्यात बनलेलं .32 रिव्हॉल्व्हर घरी आलं, आणि रेंजवर पहिल्याच दिवशी सगळ्या गोळ्या खाली डावीकडे! नव्या मालकाची ही ठरलेली कथा. मग तो माशीला, म्हणजे नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या खुणेला, दोष देतो, डोळे तपासून येतो. दोष बहुतेक वेळा बोटात असतो. उजव्या हाताने चापाला हिसका दिला की नळी खाली-डावीकडे झुकते, पण धमाक्यात ते कळत नाही. काडतूस नसताना चाप ओढला की लगेच दिसतं. यालाच ड्राय फायर म्हणतात.

आधी खोली. सगळी काडतुसं दुसऱ्या खोलीत, कपाटात, कुलूप लावून. खटका दाबून रिव्हॉल्व्हर मोडा, म्हणजे नळी पुढे झुकते आणि काडतुसं ठेवायचा गोल सिलिंडर उघडा पडतो. सहाही भोकं उजेडात नेऊन बघा, प्रत्येकावरून बोटाचं टोक फिरवा. मग परत एकदा. पोदेर (पाववाला) दारात भोंगा वाजवत आला म्हणून उठलात, तर पाव घेऊन आल्यावर ही तपासणी पुन्हा पहिल्यापासून. चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलेलं असताना सराव नको, मुलं आसपास असताना तर नकोच.

नेम धरायला भिंत निवडायची ती बाहेरची, जाड चिऱ्याची, आणि पलीकडे माणसांचा वावर नसलेली. फ्लॅटमधल्या चार इंची भिंतीमागे शेजाऱ्यांचा पलंग असतो. काडतूस नाही हे माहीत असूनही नळी कुठे रोखली आहे याचा विचार करायचाच. रिव्हॉल्व्हर जुनं असेल किंवा .22 चं असेल तर विक्रेत्याला विचारल्याशिवाय रिकामा चाप ओढू नका. .22 मध्ये काडतूस पेटवणारी पिन त्याच्या काठावर बसते. काडतूस नसेल तर ती थेट भोकाच्या कडेवर आपटून खराब होऊ शकते. स्नॅप कॅप म्हणजे सरावासाठीची डमी काडतुसं वापरली की ही चिंता मिटते. ती खऱ्यांपेक्षा वेगळ्या रंगाची घ्या आणि खऱ्यांच्या डब्यात कधीच ठेवू नका.

आता चाप. पहिले दोन दिवस नेमाबिमाच्या भानगडीत पडू नका. बोटाच्या पहिल्या पेराची गादी चापावर ठेवा आणि मुंगीच्या गतीने मागे ओढा. घोडा, म्हणजे मागचा हातोडा, मागे सरकू लागतो, सिलिंडर फिरतो, बोटाखाली जड स्प्रिंग जाणवते. भोक नळीसमोर येऊन सिलिंडर अडकतो तेव्हा बारीक ‘खट्’ ऐकू येतं. त्यानंतर थोडंसंच अंतर उरतं आणि घोडा पडतो. याला डबल अ‍ॅक्शन म्हणतात, कारण एकच ओढ घोडा चढवतेही आणि सोडतेही. अंगठ्याने आधीच घोडा चढवून ओढलं तर ती सिंगल अ‍ॅक्शन: तिथे चापाला फक्त घोडा सोडायचा असतो, म्हणून तो अगदी हलका लागतो. नवशिक्यांना साहजिकच हाच आवडतो. माझं म्हणाल तर महिनाभर त्याला हातही लावू नये. जड चाप सरळ ओढता आला की हलका आपोआप येतो, उलटं होत नाही.

घोडा पडल्यावर बोट झटकन काढू नका. चाप दाबून ठेवा, माशी कुठे आहे ते बघा, मग चाप पूर्ण पुढे येऊ द्या. अर्ध्यातूनच परत ओढलात तर रिव्हॉल्व्हर अडकू शकतं.

तिसऱ्या दिवशी कोऱ्या भिंतीसमोर उभे राहा, नळीचं टोक भिंतीपासून दोन बोटांवर. लक्ष्य नाही, फक्त माशी. ती स्पष्ट दिसली पाहिजे. घोडा पडताना ती थरथरली तर बाकीची बोटंही चापाबरोबर आवळली जात आहेत. मूठ आधीच घट्ट धरा आणि फक्त एकच बोट हलवा. मग माशीच्या मागे नळीवर एक रुपयाचं नाणं ठेवा. ते न पाडता दहा वेळा ओढणं हा पुढचा धडा. पंखा बंद करा. मी दोन दिवस स्वतःच्या बोटाला शिव्या घातल्या आणि नाणं पाडत होता पंखा. बोट थकलं की चुका पक्क्या होतात, म्हणून एका बैठकीला पंचवीस-तीस ओढी पुरेत.

सगळ्यात जपायचा क्षण सराव संपल्यावरचा. एकदा मी आवरून काडतुसं भरली, तेवढ्यात फोन आला. बोलणं झालं आणि ‘अजून एकदाच’ म्हणून हात भिंतीकडे वळला. रिव्हॉल्व्हर मघापेक्षा जड लागलं. सहा काडतुसांचं ते वजन हाताला कळलं म्हणून बोट चापावर गेलं नाही. तेव्हापासून मी ‘जालें, आजचें सोंपलें’ असं मोठ्याने म्हणतो, रिव्हॉल्व्हर कुलपात जातं, आणि त्या दिवशी पुन्हा बाहेर निघत नाही. घरात यावर हसतात.

दोन-तीन आठवड्यांनी रेंजवर जा. तिथल्या प्रशिक्षकाला सांगा, तुम्हाला न दाखवता सिलिंडरमध्ये खरी आणि डमी काडतुसं मिसळून भर. कुठलं कधी येणार हे तुम्हाला माहीत नसतं. डमीवर घोडा पडेल तेव्हा धमाका नसेल, आणि नळीने खाली मान टाकली तर ती तुम्ही दोघंही बघाल.