लाल दिव्याचा शेक घेताय? या चुका टाळा

नागपुरात डिसेंबरात पारा दहाच्या आसपास उतरला की गुडघे, कंबर, मान सगळंच कुरकुरायला लागतं आणि माळ्यावरचा इन्फ्रारेडचा लाल दिवा खाली येतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे, हा दिवा मीही वापरते. आखडलेले स्नायू त्याने सैल पडतात, त्या भागातला रक्तप्रवाह वाढतो, दुखणं काही वेळ दबतं. तेवढ्या वेळात व्यायाम करून घ्यायचा असतो. पण दर हिवाळ्यात त्याच त्या चुकांमुळे पोळलेली माणसं समोर येऊन बसतात, आणि यातल्या बहुतेक चुका टाळता आल्या असत्या याचं फार वाईट वाटतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बधिर कातडीवर शेक. महाल भागातले एक आजोबा, मधुमेह बरीच वर्षं जुना, तळपायाला मुंग्या. मुलाने प्रेमाने ऑनलाइन दिवा मागवला. आजोबांनी रात्री तो पायाशी ठेवला आणि तसाच डोळा लागला. सकाळी सुनेने चादर काढली तर अंगठ्यापासून तळव्यापर्यंत फोड. माझ्याकडे आले तेव्हा एवढंच म्हणाले, “मॅडम, मले काही समजलंच नाही जी.” खरंच समजलं नव्हतं. साखरेने पायाच्या नसा खराब झाल्या की चटका मेंदूपर्यंत पोचतच नाही आणि माणूस पाय मागे घेत नाही. ती जखम भरायला कित्येक महिने गेले. पट्ट्या, अँटिबायोटिक, सुनेची रोजची धावपळ, आणि बोट काढावं लागतं की काय ही धास्ती वेगळीच. मुंग्या घालवण्यासाठी आणलेला दिवा, आणि मुंग्या होत्या तशाच राहिल्या.

म्हणून शेक देण्याआधी मी कातडी तपासतेच, पेशंट कितीही घाईत असला तरी. घरी तपासायचं तर स्टीलच्या दोन वाट्या घ्या. एकीत कोमट पाणी, दुसरीत माठातलं गार. ज्याला शेक द्यायचा त्याने डोळे मिटायचे. वाट्यांचे बूड उलटसुलट क्रमाने त्या जागी टेकवायचे आणि गरम की गार ते विचारायचं. गरम वाटी आधी आपल्या मनगटावर टेकवून बघा, कडक नको. उत्तर चुकलं, नाहीतर माणूस अडखळला, तर त्या जागी दिवा लावायचा नाही. मधुमेह असेल तर उत्तरं बरोबर आली तरी तळपायाला दिवा नको, हे माझं ठाम मत आहे.

दुसरी चूक उतावळेपणाची. दोन दिवसांत फरक पडला नाही की लोक दिवा जवळ ओढतात. चटका बसल्याशिवाय शेक लागत नाही, हा समज आपल्याकडे फार पक्का आहे. हे किरण मुळात खोल जात नाहीत. अवरक्त म्हणजेच इन्फ्रारेड किरणांमधली सगळ्यात आत शिरणारी लहरसुद्धा काही मिलिमीटरांतच संपते; लांब लहरी तर कातडीच्या वरच्या थरातच अडतात. म्हणजे दिवा जवळ आणला तर उष्णता गुडघ्याच्या सांध्यात जात नाही, कातडी मात्र पोळते. त्यात अंतर निम्मं केलं की उष्णता दुप्पट होऊन थांबत नाही, साधारण चौपट होते. माझं माप सोपं आहे: कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात, मोठा दिवा असेल तर दीड हात. त्याहून लांबचं अंतर दिव्याच्या पत्रकात दिलं असेल तर ते पाळायचं. वेळ पंधरा मिनिटं, फार तर वीस, गजर लावून. ऊब सुखाची वाटली पाहिजे. “थोडं सहन करते” असं कुणी म्हणालं की मी दिवा लगेच मागे सरकवते. दिवा अंगाच्या बरोबर वर टांगू नका, बाजूने ठेवा. आणि शेक घेताना झोपू नका.

चटका बसत नाही म्हणजे सगळं ठीक, असंही धरू नका. सोसवेल एवढी ऊब रोज तासन्‌तास एकाच जागी घेतली तर कातडीवर जाळीसारखे तांबूस-तपकिरी चट्टे उठतात. काश्मिरात कांगडी, म्हणजे निखाऱ्यांची छोटी शेगडी, पोटाशी धरणाऱ्यांत ते पूर्वीपासून दिसतात, त्यांत क्वचित कॅन्सरही होतो. कंबरेवर गरम पाण्याची पिशवी घेऊन दिवस काढणाऱ्यांत मी हे चट्टे बघते. शेक थांबवला तर सुरुवातीचे चट्टे हळूहळू जातात, जुने राहतात.

डोळ्यांचं कुणी मनावरच घेत नाही. सर्दी झाली की तोंडावर दिवा घेतात. काचेच्या भट्टीपुढे वर्षानुवर्षं काम करणाऱ्यांना याच किरणांनी मोतीबिंदू होतो. नुसत्या पापण्या मिटणं पुरेसं नाही. चेहरा दुसरीकडे वळवा, डोळ्यांवर जाड पंच्याची घडी ठेवा.

लाल दिसतो तो प्रत्येक दिवा इन्फ्रारेड नसतो. खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्शेलने 1800 साली लोलकातून उन्हाचे रंग पाडले आणि तांबड्याच्याही पलीकडे, जिथे काहीच दिसत नव्हतं, तिथे थर्मामीटर ठेवला. पारा तिथेच जास्त चढला. ऊब देणारे किरण डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून स्वस्तातला लाल एलईडी लावून गुडघा शेकला जात नाही.

मुरगळलेल्या पायाला पहिले दोन-तीन दिवस शेक नको, बर्फ लावा. बाम चोळून वर दिवा लावू नका, आधी पुसून काढा. बांगड्या, साखळी उतरवा. ताप, गाठ, उघडी जखम, गरोदरपणात पोट-कंबर: इथे दिवा नाहीच. गरम बल्बवर ओला हात किंवा ओलं फडकं लागू देऊ नका, काच तडकते.

मे महिन्यात, बाहेर पंचेचाळीस अंश असताना, इन्फ्रारेड सौनाबद्दल, म्हणजे या किरणांनी तापवलेल्या खोलीत बसून घाम काढण्याबद्दल, विचारणारेही येतात. घामावाटे शरीरातली घाण निघते, असं त्यांना सांगितलेलं असतं. ते काम मूत्रपिंडं आणि यकृत करतात. घामातून जातं ते मुख्यतः पाणी आणि मीठ, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ते आधीच कमी पडतं. ब्लडप्रेशरची गोळी चालू असलेल्याला तिथे चक्कर येऊन पडायला वेळ लागत नाही.

तरीही पोळलंच, तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका, फोड फोडू नका, स्वच्छ कापडाने सैल झाका. मधुमेह असेल तर फोड बोराएवढा असला तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.