दुसऱ्याच्या रुळांवर आपलं इंजिन: बागेतल्या रेल्वेच्या जगभरच्या मंडळींत सामील व्हायचं तर

बागेतली रेल्वे, म्हणजे बागेत रूळ टाकून चालवायची मॉडेल गाडी, एकट्यानेही चालवता येते, पण ब्रिटन, जर्मनी आणि अमेरिकेतली या छंदाची मंडळं एका देवघेवीवर उभी आहेत: यजमान आपली बाग खुली करतो आणि पाहुणे आपापली इंजिनं घेऊन येतात. म्हणून सभासदत्वाचा अर्ज ही शेवटची पायरी धरा. त्याआधी गेज (दोन रुळांमधलं अंतर), प्रमाण (मॉडेल मूळ गाडीपेक्षा किती पट लहान), ऊर्जा आणि कपलिंग (गाड्या एकमेकींना जोडणारा आकडा) या चार गोष्टी ठरायला हव्यात. यातली एक जरी जुळली नाही, तर हौसेने घेतलेलं इंजिन दुसऱ्याच्या बागेत पेटीबाहेरच येत नाही.

आधी गेज

बागेत मुख्यतः दोनच गेज दिसतात, 45 मिमी आणि 32 मिमी. घोटाळा होतो तो 45 मिमीच्या बाबतीत, कारण त्याच रुळांवर वेगवेगळ्या प्रमाणांची मॉडेल्स धावतात. न्यूरेंबर्गच्या लेहमान कंपनीने 1968 मध्ये एलजीबी ही मॉडेल गाड्यांची मालिका बाजारात आणली ती युरोपातल्या मीटरगेज गाड्यांवर बेतलेली, 1:22.5 प्रमाणात. अमेरिकेतल्या तीन फुटी रेल्वेसाठी 1:20.3 वापरतात, तिथल्याच मुख्य मार्गांवरच्या मोठ्या गाड्यांसाठी 1:29 रूढ आहे, आणि ब्रिटनमधल्या ‘गेज वन’वाल्यांचं प्रमाण 1:32. ही सगळी मॉडेल्स एकाच रुळावर चालतात. पण 1:32 चा डबा 1:20.3 च्या इंजिनामागे जोडला तर दोन्ही विचित्र दिसतात, आणि 1:20.3 चं उंच इंजिन 1:32 साठी बांधलेल्या बोगद्यात अडकतं. दुकानदार यातल्या बहुतेकांना सरसकट ‘जी स्केल’ म्हणतात. खोक्यावरचं ते अक्षर न पाहता प्रमाणाचा आकडा विचारा.

32 मिमी हे दोन फुटी रेल्वेचं गेज. 610 मिमीला 1:19 ने भागलं की बरोबर 32 मिमी येतात. म्हणजे माथेरान आणि दार्जिलिंग, दोन्ही गाड्या इथे अचूक बसतात. आपल्याकडची मीटरगेज 45 मिमीवर 1:22.5 मध्ये चांगली जमते. बार्शी लाइट रेल्वे किंवा यवतमाळची शकुंतला यांचं मूळ गेज 762 मिमी. 1:19 मध्ये त्याला 40 मिमी रूळ लागतील आणि तसे तयार मिळत नाहीत. हे करणारे 45 किंवा 32 यातलं एक पत्करून पुढे जातात, ते चालतं. भारतीय ब्रॉडगेज मात्र 1:32 मध्ये 52 मिमीच्या वर जाते, म्हणून 45 मिमी रुळांवर ती अंगापेक्षा पायाने अरुंद दिसणारच.

काहीच ठरत नसेल तर 45 मिमी घ्या. जगात कुठेही गेलात तरी त्याचे यजमान सापडतील. ब्रिटनमध्ये राहत असाल आणि छोट्या डोंगरी गाड्यांची ओढ असेल तर 32. तिथल्या काही वाफेच्या इंजिनांची चाकं आसावर सरकवून दोन्ही गेजवर बसवता येतात. त्याला एक ॲलन की आणि दहा मिनिटं लागतात. नवख्याने असंच इंजिन शोधावं.

मग मंडळ

ब्रिटनमध्ये 32 मिमी आणि 1:19 साठी ‘असोसिएशन ऑफ 16 एमएम नॅरोगेज मॉडेलर्स’ (एका फुटाला 16 मिमी, म्हणजेच 1:19), 45 मिमीवरच्या सर्वसाधारण छंदासाठी ‘जी स्केल सोसायटी’ आणि 1:32 साठी 1947 पासून चालू असलेली ‘गेज वन मॉडेल रेल्वे असोसिएशन’. अमेरिकेत बहुतेक काम शहरागणिक क्लबांतून चालतं, आणि ‘नॅशनल गार्डन रेल्वे कन्व्हेन्शन’ वेगवेगळ्या शहरांत भरतं. त्यात स्थानिक सभासदांच्या बागा पाहणं हाच मुख्य कार्यक्रम असतो. वाफेच्या छोट्या इंजिनांचा मोठा आंतरराष्ट्रीय मेळा मिसिसिपीतल्या डायमंडहेडला अनेक वर्षं जानेवारीत भरत आला आहे.

वर्गणी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा. तुमच्या राहत्या भागात मंडळाचा गट आहे का? कारण आमंत्रणं केंद्राकडून येत नाहीत, गटाकडून येतात. वर्गणीत तृतीयपक्ष विमा आहे का, आणि तो परदेशी सभासदाला लागू होतो का? आणि वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरची तपासणी मंडळातलं कोणी करून देतं का? जुनं इंजिन घेणार असाल तर हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. चालू दाखला नसलेला बॉयलर जाहीर कार्यक्रमात पेटवू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

ऊर्जा, आणि पेटीतला मल्टिमीटर

रुळांतून वीज, बॅटरी आणि वाफ असे तीन मार्ग. पाहुण्यासाठी बॅटरी आणि रिमोट सर्वांत सोयीचं, कारण यजमानाचे रूळ कितीही मळलेले असले तरी फरक पडत नाही. रुळांतल्या विजेवर चालणारं इंजिन नेणार असाल तर तिथे साधा डीसी आहे की डिजिटल, हे आधी विचारा.

सगळ्यात जास्त घोटाळे वाफेच्या इंजिनाने होतात, आणि कारण वाफेशी संबंधित नसतं. यजमानाच्या रुळांत वीज असेल आणि तुमच्या इंजिनाची डावी-उजवी चाकं धातूच्या आसाने जोडलेली असतील, तर रुळांवर ठेवताक्षणी शॉर्ट होतो. वाघिणींच्या धातूच्या चाकांचंही तसंच. घरीच मल्टिमीटर लावा: वाघिणीच्या दोन्ही बाजूंच्या चाकांत बीप येता कामा नये. बीप आला तर एका बाजूला विलगक (वीज अडवणारा तुकडा) असलेली चाकजोडी बसवा.

दुसरी तपासणी व्हर्नियरने. चाकांच्या आतल्या पाठींमधलं अंतर 32 मिमी गेजला 28 मिमी आणि 45 मिमीला साधारण 40 ते 41 मिमी असावं. ते कमी असलं की सांध्यावर (गाडी एका मार्गावरून दुसऱ्यावर वळते तिथे) चाक संरक्षक रुळाला घासून वर चढतं. जास्त असलं की सांध्याच्या टोकावर आदळतं. ‘तुमचा सांधा खराब आहे’ असं यजमानाला म्हणण्याआधी आपली चाकं मोजलेली असावीत.

आमंत्रण आल्यावर

यजमानाला आधीच लिहून विचारायचं ते असं: गेज, सगळ्यात लहान वळणाची त्रिज्या, बोगद्यांची उंची-रुंदी, रुळांत वीज आहे का, आणि कपलिंग कोणतं. एलजीबीचं सर्वांत आवळ वळण 600 मिमी त्रिज्येचं असतं. गेज वनची मोठी इंजिनं तीन मीटरपेक्षा आवळ वळणावर रडतात. कपलिंगचा प्रश्न एका वाघिणीने सुटतो. तिच्या एका टोकाला तुमचं कपलिंग आणि दुसऱ्याला एलजीबीचा हुक-फासा बसवा, शिवाय सोबत दहाएक सेंटिमीटर बारीक साखळी आणि तारेचे दोन आकडे ठेवा.

गॅसवरच्या इंजिनाचा क्रम ठरलेला आहे: आधी वंगणपात्रात वाफेचं तेल, मग पाणी, शेवटी गॅस. गॅस भरताना तो थोडा बाहेर फुसफुसतोच, म्हणून शेजारी कोणाचं इंजिन पेटलेलं असेल तर दूर जा. पाणी क्षारमुक्त हवं. गाळलेलं पावसाचं पाणी चांगलं, पण उत्पादकाची पुस्तिका काय म्हणते ते पाहा. पहिल्यांदा वाफ सोडल्यावर चिमणीतून गरम पाणी आणि तेल उडतं. तेव्हा इंजिन हळूहळू पुढे-मागे करून सिलिंडर मोकळे करा आणि कोणाला वाकून पाहू देऊ नका. बऱ्याच इंजिनांत पाणी संपण्याआधी गॅस संपेल असा हिशेब असतो. म्हणून नुसता गॅस पुन्हा भरून दुसरी फेरी सुरू केली तर बॉयलर कोरडा पडतो आणि त्याचे जोड उसवतात. गॅसबरोबर पाणी भरायचंच.

यजमानाचे सांधे न विचारता फिरवू नका. समोरून गाडी येत असेल तर वाट द्यायची ती पाहुण्याने.

महाराष्ट्रातून सामील होताना

गच्चीवर सुरुवात करायला एलजीबीचे 30 अंशांचे बारा वाकडे रूळ पुरतात. दीड मीटर बाय दीड मीटर जागेत पूर्ण वर्तुळ बसतं. सरळ लांबी वाढवाल तेव्हा ऊन लक्षात घ्या. पितळी रुळाची दहा मीटर लांबी 45 अंशांच्या फरकाने सुमारे साडेआठ मिमी वाढते. हिवाळ्याच्या सकाळी रूळ टोकाला टोक भिडवून बसवले तर एप्रिलच्या दुपारी ते बाजूला फुगतात. जोडाजोडांत फट ठेवा आणि रूळ फळीला आवळून स्क्रू करू नका.

परदेशी मेळ्याला इंजिन घेऊन जाताना लिथियम बॅटरी हातातल्या सामानात ठेवा. 14.8 व्होल्ट, 2.6 अँपिअर-तासांची बॅटरी 38.5 वॉट-तास होते, म्हणजे विमानातल्या 100 च्या मर्यादेत. गॅसचा डबा नेता येत नाही, तो तिथेच घ्या. इंजिनाची गॅसटाकी मात्र काही दिवस आधी रिकामी करून झडप उघडी ठेवा, नाहीतर वासावरून सामान अडतं.

तुमच्याकडून काय जाईल

दूर राहणाऱ्या सभासदाचं नाव होतं ते मंडळाच्या नियतकालिकातून, आणि मराठी माणसाकडे द्यायला पुष्कळ आहे. बार्शी लाइट रेल्वे उभारणारे एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनीच पुढे इंग्लंडमधली लीक अँड मॅनिफोल्ड ही 1904 ची रेल्वे त्याच 762 मिमी गेजवर आखली. तिच्यावर मॉडेल करणारे तिकडे आहेत आणि बार्शीच्या वाघिणींची मापं त्यांना हवी असतात. माथेरानच्या जुन्या ओरेनस्टाइन अँड कोपेल इंजिनांच्या वळणाऱ्या आसांबद्दलही तीच ओढ.

फोटो काढताना गाडीच्या बाजूशी काटकोनात उभे राहा, शक्य तितके दूर जाऊन झूम वापरा, आणि डब्याच्या अंगाला टेकवून एक मीटरची पट्टी फोटोत येऊ द्या. 1:19 मध्ये ती 52.6 मिमी होते, त्यावरून बाकीचं सगळं काढता येतं. चाकाचा व्यास, दोन आसांमधलं अंतर, रुळापासून बफरच्या मध्यापर्यंतची उंची आणि छपराची वरची रेषा ही चार मापं टेपने वेगळी घ्या, कारण फोटोत तीच फसवतात. प्रत्येक फोटोखाली ठिकाण, तारीख आणि डब्याचा क्रमांक लिहा. डबा नंतर रंगवला किंवा दुरुस्त केला असेल तर तेही लिहा, नाहीतर कोणीतरी आजचा रंग 1910 च्या गाडीला देतं.