न्हाणीघराचे नूतनीकरण: पाण्याचा पाइप कसा निवडावा आणि जुन्या लोखंडी लाइनला कसा जोडावा

न्हाणीघर नव्याने करायला काढले की टाइल्सच्या रंगावर घरभर खल होतो आणि पाइपचा निर्णय मात्र दुकानदारावर सोपवला जातो. नळ आवडला नाही तर वर्षभराने बदलता येतो. टाइलमागचा पाइप बदलायचा तर भिंतच फोडावी लागते. म्हणून पाइपचा विचार आधी करावा.

घरगुती न्हाणीघरासाठी गार आणि गरम अशा दोन्ही लाइनना सीपीव्हीसी, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिक पाइप, वापरावा, असे माझे स्पष्ट मत आहे. साधा प्लास्टिक पाइप, म्हणजे यूपीव्हीसी, स्वस्त असला तरी गरम पाण्याने मऊ पडतो, त्यामुळे गिझरच्या लाइनला तो कधीही लावू नये. पीपीआर हा तिसऱ्या प्रकारचा प्लास्टिक पाइप उत्तम असतो, परंतु त्याचे जोड सुमारे 260 अंश सेल्सिअसला तापवलेल्या यंत्राने वितळवून करावे लागतात. ते यंत्र आणि त्यावर बसलेला हात तुमच्या गावात मिळत असेल तरच त्या वाटेला जावे. नवीन लोखंडी जीआय पाइप आता भिंतीत पुरूच नये. खरेदी करताना सीपीव्हीसी पाइपवर आयएस 15778 हा भारतीय मानकाचा क्रमांक छापलेला आहे ना, ते स्वतः वाचून पाहावे.

त्यानंतर येतो मापाचा प्रश्न, आणि इथेच सर्वाधिक चुकीचे सल्ले मिळतात. ‘जाड पाइप घ्या, प्रेशर चांगले येईल’ हे वाक्य बेळगावपासून निपाणीपर्यंत कुठल्याही दुकानात ऐकू येते. पाइपच्या भिंतीच्या जाडीने प्रेशर वाढत नाही. आपल्याकडे बेळगावात राकसकोप किंवा हिडकल जलाशयाचे पाणी आधी घरच्या टाकीत साठते आणि मोटारीने गच्चीवर चढवले जाते. शॉवरला मिळणारा दाब हा गच्चीवरच्या टाकीच्या उंचीचाच असतो. दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब हा हिशेब धरला, तर तीन मीटर वर असलेली टाकी जेमतेम 0.3 किलो दाब देते. एवढ्याशा दाबाला पातळ एसडीआर 13.5 पाइपही सहज पुरतो (एसडीआर म्हणजे पाइपचा बाहेरचा व्यास भागिले भिंतीची जाडी; आकडा मोठा तितकी भिंत पातळ). खरी अडचण आतल्या पोकळीची असते. अर्ध्या इंची जीआय पाइपची पोकळी साधारण 16 मिलिमीटर असते, तर अर्धा इंचीच म्हणवणाऱ्या एसडीआर 11 सीपीव्हीसीची सुमारे 12 मिलिमीटरच भरते. ‘होता तेवढाच घातला’ असे म्हणून अर्ध्याच्या जागी अर्धाच घातलेल्या न्हाणीत शॉवर रडतो, तो यामुळे. टाकीपासून न्हाणीपर्यंत एक इंची, न्हाणीच्या आत पाऊण इंची आणि फक्त शेवटच्या नळापुरता अर्धा इंची पाइप ठेवावा. गरम लाइनला किंवा प्रेशर पंप बसवणार असाल तिथे मात्र एसडीआर 11 च घ्यावा.

आता ज्या टप्प्याने मला सुरुवातीच्या काळात सर्वाधिक छळले तो टप्पा, म्हणजे जुन्या लोखंडी लाइनला नवा सीपीव्हीसी जोडणे. शहापूर, वडगावकडच्या जुन्या घरांत किंवा खानापूर भागातल्या जांभ्या चिऱ्याच्या भिंतींत कित्येकदा अख्खी लाइन काढता येत नाही आणि हा जोड अटळ ठरतो. तो भिंतीच्या आत कधीही करू नये. जुनी लाइन जिथे उघड्यावर असेल तिथे ती कापावी, गंजलेले टोक काढून डायने नवे आटे पाडावेत आणि तिथेच एक व्हॉल्व्ह बसवावा.

या जोडाला प्लास्टिकच्या आट्यांचे फिटिंग स्वस्त म्हणून घेऊ नये. प्लास्टिकच्या आट्यांत लोखंडी पाइप पिळला की फिटिंगच्या कडेला केसाएवढी चीर जाते. त्या दिवशी ती दिसत नाही, पुढे ओल दाखवते. पितळी आट्यांचेच फिटिंग घ्यावे. आट्यांवर टेफलॉन टेप घट्ट होण्याच्या दिशेने गुंडाळावी, म्हणजे पिळताना ती उलगडत नाही. जुने कारागीर सवयीने सुतळी आणि सफेदा, म्हणजे तेलात कालवलेला पांढरा लेप, लावतात. सफेद्यातले तेल सीपीव्हीसीला बाधते आणि पाइप तडकतो, म्हणून त्यांना तिथे ठामपणे थांबवावे. फिटिंग आधी हाताने बसेल तितके बसवावे आणि मग पान्याने एक-दोन फेरेच द्यावेत.

क्रमही तितकाच महत्त्वाचा आहे. आट्यांचा जोड आधी पूर्ण पिळून घ्यावा आणि त्यानंतरच सोल्युशनने पाइप चिकटवावा. उलट केले तर पाना फिरवताना नुकताच चिकटलेला जोड आतून सुटतो. यूपीव्हीसीचे सोल्युशन उरले आहे म्हणून तेच इथे लावू देऊ नये. सीपीव्हीसीचे वेगळे मिळते. पावसाळ्यात खानापूरकडच्या दमट हवेत हे जोड वाळायला अधिक वेळ घेतात, तेव्हा संध्याकाळी चिकटवून लगेच पाणी सोडण्याचा आग्रह कोणी धरला तरी मानू नये. पूर्ण दिवस जाऊ द्यावा.

गिझरच्या तोंडाशी पहिला फूटभर आणि सोलरच्या टाकीशी पहिला मीटरभर पाइप धातूचाच ठेवावा. उन्हाळ्यात सोलरचे पाणी वापरले गेले नाही तर ते सीपीव्हीसीला सोसवेल त्यापलीकडे तापू शकते. गच्चीवर उन्हात राहणाऱ्या सीपीव्हीसी पाइपला पाण्यात मिसळणारा रंग द्यावा.

गिलाव्याआधी सगळी तोंडे प्लगने बंद करून हातपंपाने दाब द्यावा आणि दाबमापकाचा काटा रात्रभर जागचा हलत नाही, याची खात्री करावी. झिऱ्या, म्हणजे पाइपसाठी भिंतीत पाडलेल्या खाचा, बुजवण्यापूर्वी भिंतीला मोजायची टेप लावून फोटो काढून ठेवावेत. पुढे आरसा किंवा टॉवेलची दांडी बसवताना भोक कुठे पाडायचे नाही, हे त्यावरून समजते.